साळगाव ते लंडन, एकोणचाळीस फुटांत: सूझा प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

वेंगुर्ल्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या वाटचालीचे प्रदर्शन लावले, त्या कामाच्या या नोंदी. मूळ चित्र एकही नाही, पैसे बेताचे, इमारत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि काम ऐन पावसात. देवगड-राजापूरकडे कोणी असे काही करायला घेतलेच, तर मापे, दर आणि फसलेल्या गोष्टी हाताशी असाव्यात म्हणून त्या इथे ठेवल्या आहेत.

२८ जून

विषय पक्का. शिरोडा, आरोंदा, पेडणे करत म्हापसा ओलांडला की साळगाव. सूझा तिथे १२ एप्रिल १९२४ रोजी जन्मले. हुसेन, रझा ही नावे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. त्या दोघांबरोबर मुंबईत प्रोग्रेसिव्ह गटाची, म्हणजे नव्या वळणाच्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची, सुरुवात करणारा माणूस इथून दोन-अडीच तासांवरचा, हे मात्र वाचनालयाच्या सभासदांतही फार थोड्यांना माहीत होते.

माडीवरचा हॉल मोजला. खिडक्या नसलेली सलग भिंत ४२ फूट. वर मंगलोरी कौले, खाली लाकडी तक्तपोशी, जिना अरुंद आणि मध्ये वळणारा. आज फक्त हॉल मोजला, जिना मोजला नाही. त्याची किंमत पुढे ऑक्टोबरात चुकती झाली.

६ जुलै

पहिला आराखडा गाजलेल्या चित्रांच्या प्रिंटांचा होता. तो आज बाद.

कारण साधे आहे. सूझा २८ मार्च २००२ रोजी मुंबईत वारले. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, आणि ही ६० वर्षे मृत्यूनंतरच्या पुढल्या जानेवारीपासून मोजतात. म्हणजे २०६२ संपेपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय प्रिंट काढून भिंतीवर लावता येत नाही. ‘तिकीट नाही, शाळेची पोरे बघणार’ एवढ्याने सूट मिळते असे धरून चालू नका. चित्र ज्याच्या मालकीचे त्याच्याकडे छपाईचा हक्क असतोच असे नाही, आणि संग्रहालयाने काढलेल्या फोटोच्या अटी आणखी वेगळ्या असतात. परवानगी मागता येते, पण पत्रव्यवहाराला महिने धरा. आमच्याकडे ते नव्हते.

मग चित्रांशिवाय चित्रकार दाखवायचा कसा? वर्षे, मापे आणि माल या तीन गोष्टींवर कोणाचा हक्क नसतो. प्रदर्शन त्यांच्यावरच उभे करायचे ठरले. आता मागे वळून पाहता प्रिंटांपेक्षा हेच बरे झाले असे वाटते. ए-थ्री आकारात आठ फुटी चित्राचे काय दिसणार?

१३ जुलै

काळाची पट्टी. एका वर्षाला अर्धा फूट. १९२४ ते २००२ म्हणजे ७८ वर्षे, ३९ फूट. ४२ फुटांच्या भिंतीवर नीट बसते.

वाटण्या अशा झाल्या. साळगाव आणि मुंबईतले बालपण, जे. जे. या मुंबईच्या कलाशाळेत जाईपर्यंत, ८ फूट. जे. जे. १९४० ते १९४५, अडीच फूट. तिथून काढल्यापासून देश सोडेपर्यंत २ फूट. लंडनला पोचल्यापासून गॅलरी वनमधल्या पहिल्या प्रदर्शनापर्यंत, १९४९ ते १९५५, ३ फूट. नाव झाल्यानंतरचे लंडन ६ फूट. १९६७ ला न्यूयॉर्कला गेले तिथून अखेरपर्यंत साडेसतरा फूट.

जीवनपट लिहिताना सगळे ‘जे. जे.तून काढले, लंडनला गेले, प्रसिद्ध झाले’ असे एका दमात उरकतात. फुटपट्टी लावली की ते जमत नाही. शिक्षणाला अडीच फूट आणि परदेशात कोणी विचारत नव्हते त्याला तीन फूट, हे नुसते पाहूनच कळते.

अडचण लगेच आली. १९४५ ते १९४९ या दोन फुटांत लिहायचे सर्वांत जास्त, आणि साडेसतरा फुटांत त्या मानाने कमी. पट्टीवरच मजकूर छापायचा हट्ट सोडला. पट्टी फक्त १० इंच उंचीची, रंग आणि वर्षे दाखवणारी. मजकुराचे फलक तिच्याखाली वेगळे टांगायचे, ते पट्टीपेक्षा रुंद झाले तरी चालतील.

२४ जुलै

मजकूर लिहून झाला. एका फलकाला १२० शब्दांची मर्यादा. त्यापुढे उभ्याने कोणी वाचत नाही.

मुंबईच्या फलकावर: सूझा अगदी तान्हे असताना वडील गेले. आई शिवणकाम करून घर चालवायची. देवीच्या आजारातून मुलगा वाचला म्हणून तिने नवसाने ‘फ्रान्सिस’ हे सेंट झेवियरचे नाव जोडले. जेझुइटांच्या शाळेतून काढले गेले ते शौचालयातल्या चित्रांवरून, आणि जे. जे.तून १९४५ मध्ये स्वातंत्र्य चळवळीतल्या सहभागावरून. शिवणयंत्र मांडून ठेवावे अशी एक सूचना आली होती. नको म्हटले. एकदा यंत्र ठेवले की पुढे कंदील आणि पत्र्याची ट्रंकही येते, आणि हॉलचा सिनेमाचा सेट होतो.

प्रोग्रेसिव्ह गटाच्या फलकावर सहा नावे: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. सदानंद बाकरे यांना खाली वेगळी चौकट दिली. तेही १९५१ मध्ये लंडनला गेले आणि परतल्यावर कोकणातच, मुरूडला राहिले. गटातले शिल्पकार ते एकटेच. मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१) यांनाही एक चौकट: जे. जे., मग १९५१ पासून दहा वर्षे पॅरिस, आणि परत येऊन गोव्याच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य. तिघांच्या वाटा शेजारी ठेवल्या की बाहेर जाणे हा काही एकाच माणसाचा स्वभाव नव्हता, हे आपसूक दिसते.

१९४९ ते १९५५ चा तीन फुटी फलक मुद्दाम जवळजवळ कोरा ठेवला. चार ओळी: फुटकळ लेखन, पत्नी मारिया यांची कमाई, उच्चायुक्त कृष्ण मेनन यांची मदत, आणि लंडनमधल्या एखाददुसऱ्या प्रदर्शनात जागा. त्याच्या उजव्या कडेला १९५५ ची रेघ. त्या वर्षी इंग्रज कवी स्टीफन स्पेंडर यांच्या ‘एन्काउंटर’ मासिकात सूझांचा आत्मकथनपर लेख आला. त्याच वर्षी व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये प्रदर्शन लागले आणि सगळी चित्रे विकली गेली. कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी त्यावर लिहिले. १९५६ पासून हॅरोल्ड कोवनर या अमेरिकन संग्राहकाने नियमित पैसे द्यायचे आणि बदल्यात चित्रे घ्यायची, अशी व्यवस्था चार वर्षे चालली. १९५८ च्या गुगनहाइम पुरस्कारासाठी ब्रिटनकडून निवडलेल्या पाचांत सूझा होते.

या फलकाचा मसुदा वाचून एका सभासदांनी विचारले, “मग लेखामुळे चित्रे विकली गेली की चित्रांमुळे?” उत्तर फलकावर लिहिलेले नाही. पण लेख आणि गॅलरी या दोन खुणा पट्टीवर एकाच ठिकाणी येतात, त्या तशाच ठेवल्या.

९ ऑगस्ट

छपाईवाल्याकडे फाईल गेली आणि मजकुराचा चिवडा होऊन परत आली. आमचे टायपिंग युनिकोडमध्ये, त्यांचा जुना डीटीपी फॉन्ट. कन्व्हर्टरमधून गेल्यावर ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘चिऱ्या’चे ‘चिर्या’, आणि ‘ट्रस्ट’मधला ट्र सुटा. संगणकावर लहान अक्षरांत हे डोळ्यांना दिसत नाही. दोन फूट फलकावर दिसते.

उपाय: छपाईवाल्याला वर्डची फाईल द्यायचीच नाही. युनिकोड फॉन्टमध्ये पान आपणच लावायचे, अक्षरांचे कर्व्ह करायचे, म्हणजे अक्षरे फॉन्ट न राहता नुसते आकार होतात, आणि पीडीएफ द्यायची. कर्व्ह केल्यावर दुरुस्ती होत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवा. आणि ‘ऱ्य’ असलेल्या शब्दांची यादी काढून प्रिंटवर तेवढे शब्द आधी तपासा. तासभराचे काम आहे, पुढचा पश्चात्ताप वाचतो.

अक्षराचा आकार: चार फुटांवरून वाचायचे असेल तर मराठीला ३० पॉइंट. इंग्रजी फलकांच्या मापाने २४ घेतले होते, त्यात वेलांट्या आणि रफार एकमेकांत गेले. ओळींतले अंतर दीडपट.

२२ ऑगस्ट

पाच मिलिमीटर सनबोर्डवर (हलका फोमचा बोर्ड) व्हिनाइल चिकटवलेले पहिले फलक आले. चार दिवसांत सगळे होडीसारखे वळले.

बोर्ड वाईट नव्हता. एका बाजूला व्हिनाइल आणि त्यावर लॅमिनेशन, दुसरी बाजू उघडी. हॉलमधला आर्द्रतामापक सकाळी ८८ टक्के दाखवत होता. दोन बाजू सारख्या ताणल्या-सैलावल्या नाहीत की पातळ बोर्ड वळणारच. वजन ठेवून सरळ केलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा वळले.

दुरुस्ती: पाठीलाही साधे पांढरे व्हिनाइल लावून घेतले आणि कडा टेपने बंद केल्या. फुटामागे अठरा रुपये जादा पडले. नवे फलक सरळ राहिले. ज्यांना नव्याने करायचे आहे त्यांनी थेट तीन मिलिमीटरचा एसीपी (दोन बाजूंना अॅल्युमिनियम, मध्ये प्लास्टिक) पत्रा घ्यावा. सनबोर्डपेक्षा महाग, पण पावसाळ्यात त्याला काही होत नाही. लॅमिनेशन मॅटच मागा. चकचकीत घेतले तर खिडकीसमोरच्या फलकात वाचणाऱ्याला स्वतःचेच तोंड दिसते.

साळगावच्या माय दे देवस चर्चचा फोटो पहिल्या फलकावर घेतला. १८७३ ची, गॉथिक धाटणीची पांढरी इमारत. छापून आली ती गुलाबी झाक घेऊन. पांढऱ्या विषयाचा फोटो असला की आधी ए-फोर नमुना काढून दिवसाच्या उजेडात बघायचा, ट्यूबलाइटखाली नाही.

सप्टेंबर

गणपती. सुतार नाही, छपाई नाही, टेम्पो नाही. आधीच धरून चाला.

२६ सप्टेंबर

काळ्या पाट्या. सूझांनी १९६५ च्या सुमारास काळ्यावर काळा रंग लावून चित्रे केली आणि ती १९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत दाखवली. त्यांची नक्कल करायची नव्हती. काळ्यात रेघ दिसते कशी, एवढेच दाखवायचे होते. त्यासाठी दीड फूट चौरस हार्डबोर्डच्या चार पाट्या: सपाट काळा, ब्रशच्या खुणांचा, सुरीने थापलेला, आणि मॅट-चमक मिश्र.

तैलरंगाचा आयव्हरी ब्लॅक मुळातच हळू वाळणारा. तो सुरीने तीन-चार मिलिमीटर थापला. वरून साय धरली, आतून ओलाच. तीन आठवड्यांनी साईला सुरकुत्या पडल्या, बोट लावले की आतला रंग वर येतो. जाड थर एकदम लावला की वरचा पापुद्रा आधी वाळतो, आणि दमट हवेत आतला भाग आणखी रेंगाळतो. जवस तेल वाढवले असते तर आणखी बिघडले असते.

खरवडून टाकले. अॅक्रिलिकची मॉडेलिंग पेस्ट आधी थापून, वाळवून, वर काळ्याचे दोन पातळ हात. दोन दिवसांत तयार. पाटीखाली ‘अॅक्रिलिक’ असे स्पष्ट लिहिले, कारण सूझांचा माल हा नव्हे.

हार्डबोर्डबद्दल एक: गुळगुळीत बाजू ८० नंबरच्या पॉलिशपेपरने मारल्याशिवाय प्रायमर धरत नाही, आणि प्रायमर दोन्ही बाजूंना हवा. एकाच बाजूला लावला तर सनबोर्डचीच गत.

९ ऑक्टोबर

मोठी पाटी. सूझांचे ‘बर्थ’ (१९५५) बोर्डवर केलेले तैलचित्र, ४ फूट × ८ फूट. ‘क्रूसिफिक्शन’ (१९५९), सध्या लंडनच्या टेट संग्रहालयात, तेही बोर्डवरच, साधारण ६ फूट × ४ फूट. ही मापे कोणत्याही प्लायवुडच्या दुकानात ओळखीची वाटतील. आठ बाय चार म्हणजे अख्खी शीट, सहा बाय चार म्हणजे तिचा पाऊण भाग. म्हणून ठरवले की दोन कोऱ्या पाट्या त्याच मापात उभ्या करायच्या, मातकट राखाडी रंगवून, खाली फक्त चित्राचे नाव, साल आणि माप. बघणाऱ्याने समोर उभे राहून हात पसरावेत.

तीन मिलिमीटरची हार्डबोर्ड शीट, मागे दोन बाय एक इंची बॅटनची (लाकडी पट्ट्यांची) चौकट, दर दोन फुटांवर आडवी पट्टी. पट्ट्या कमी केल्या तर शीट पोट काढते. फेविकॉल आणि पाऊण इंची चुका, स्क्रू नको, डोके फुटून बाहेर येते.

चौकटीसकट पाटी माडीवर नेताना जिन्याच्या वळणावर अडकली. आठ फुटी चीज त्या वळणातून कशीही फिरत नाही. उभी धरली तर वरचा वासा लागतो. हे कागदावर पाच मिनिटांत कळले असते. शेवटी समोरच्या सज्जातून काथ्याच्या दोराने वर ओढली. दुपारी वारा सुटल्यावर नको, सकाळी लवकर करा. खाली दोघे, वर तिघे, आणि कोपऱ्यांना पोत्याच्या घड्या. मेस्त्रींचे म्हणणे, पाटी चार-चार फुटांच्या दोन तुकड्यांत करून वर जोडायची. पुढच्या वेळी तसेच करायचे, सांधा राखाडी रंगात दिसत नाही.

१६ ऑक्टोबर

रसायनांचे टेबल. अमेरिकेत सूझांनी छापील मासिकांच्या पानांवर रसायन लावून शाई विरघळवली आणि त्यावरच रेखाटले. न्यूयॉर्कच्या साडेसतरा फुटांखाली हे टेबल ठेवले, म्हणजे ती लांबलचक पट्टी नुसती रिकामी वाटणार नाही.

कोणता कागद चालतो ते आधी करून पाहिले. वर्तमानपत्र: कागदच थिनर पिऊन घेतो, शाई पसरते पण उचलली जात नाही, पाठीमागचा मजकूर वर येतो. वार्निश केलेले कॅलेंडर: काहीच होत नाही. गुळगुळीत पण वार्निश नसलेले मासिकाचे आतले पान: एनसी थिनर कापसाच्या बोळ्याने लावला की दहा-पंधरा सेकंदांत शाई सैल पडते आणि बोळा फिरेल तशी सरकते. मुखपृष्ठ घेऊ नका, त्याला लॅमिनेशन असते.

हे प्रात्यक्षिक माडीवर ठेवायचे नाही. थिनरची वाफ डोक्यात जाते आणि लाकडी इमारतीत आगीची भीती वेगळीच. टेबलावर फक्त तयार नमुने, काचेखाली. करून दाखवायचे ते खाली पडवीत, मोठ्या माणसाने, थिनरला टिकणारे हातमोजे घालून. पातळ लेटेक्सचे मोजे थिनरने गळून जातात.

२५ ऑक्टोबर

टांगणी. हा सर्वांत किचकट भाग.

भिंत चिऱ्याची, वर चुन्याचा गिलावा. खिळा मारला तर गिलावा पोपडा धरून पडतो. ड्रिल करून रावल प्लग बसवला तर चिरा भुसभुशीत, भोक मोठे होत जाते आणि प्लग हाताने निघतो. एका भोकाचे तीन इंचांचे विवर झाल्यावर ड्रिल बंद केले. जुन्या इमारतीच्या भिंतीला हात न लावणेच बरे, वाचनालयाचीही तीच इच्छा होती.

मग वरून टांगायचे. भिंतीपासून पाच इंचांवर, वाशांना एक इंची जीआय पाइप आडवा बांधला, दर चार फुटांवर क्लॅम्प. पाइपवरून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, सोडून फलक लटकवले. तंगूस इथे कुठल्याही जाळ्याच्या दुकानात मिळतो, स्वस्त, आणि दिसत नाही. मेस्त्री लटकवतानाच म्हणाले, “तंगूस वाढता हो. रातीत बोटभर खाली येतलो.” सकाळी मोजले तर हलके फलक जागेवर, जड फलक पाऊण इंच खाली, आणि ४२ फुटांची सरळ ओळ लाटेसारखी. शिवाय साध्या गाठी तंगुसाला धरत नाहीत, सरकतात.

जड फलकांना दीड मिलिमीटरची स्टीलची वायर आणि क्रिंप (वायर दाबून पकडणाऱ्या नळ्या) लावले. हलक्यांना तंगूसच ठेवला, पण दोन दिवस दुप्पट वजन टांगून आधी ताणून घेतला आणि गळाला मारतात तशी वेढ्यांची गाठ मारली. ती गाठ ओली करून आवळायची, कोरडी आवळली तर तंगूस घासून कमजोर होतो.

पट्टीचा मध्य जमिनीपासून ५८ इंच. तक्तपोशी उतरती असल्याने जमिनीवरून मोजले तर ओळ वाकडी दिसते. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून पाइपवरूनच खाली मापे घेतली.

३ नोव्हेंबर

रात्री पाऊस. माकडांनी दोन कौले सरकवली होती, पाणी थेट जे. जे.च्या फलकावर. बोर्डला काही झाले नाही, पाठीच्या व्हिनाइलचा इथेही उपयोग झाला. खाली ठेवलेल्या छापील पुस्तिकांचा गठ्ठा मात्र भिजला. कौलांखाली ताडपत्री मारून घेतली. कागद जमिनीवर नाही, फळीवर ठेवायचा. वाळवीसाठीही तेच.

कपाटात ठेवलेल्या माउंटबोर्डला पांढरी बुरशी आली होती. पुढचा साठा चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावलेल्या बंद कपाटात ठेवला. जुनी युक्ती आहे, सिलिका जेलच्या पुड्यांपेक्षा इथे हीच चालते. बल्ब आणि कागद यांत हातभर अंतर हवे.

१७ नोव्हेंबर

प्रकाश. १२ वॅटचे एलईडी स्पॉट, ४००० केल्विन, पाइपलाच अडकवले. फलकांवर ते वरून तिरपे पडतात, चमक येत नाही. काळ्या पाट्यांवर मात्र याच प्रकाशाने सगळे सपाट दिसले. एक स्पॉट काढून पाटीच्या बाजूला, भिंतीशी जवळजवळ समांतर लावला. लगेच सुरीचे कंगोरे उठले. काळ्या रंगासाठी दिवा वाढवायचा नसतो, दिव्याचा कोन बदलायचा असतो.

मूळ चित्रे पाहता यावीत म्हणून टेटच्या पानाचे क्यूआर कोड फलकावर दिले. हॉलमध्ये कोणत्याच कंपनीची रेंज नीट नाही. तेच कोड खाली दारापाशी एका फलकावर पुन्हा लावले. कोड चार सेंटिमीटरपेक्षा लहान नको.

किमतीचा प्रश्न उरला होता. ‘बर्थ’ २००८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे २५ लाख डॉलरला गेले, २०१५ मध्ये पुन्हा विकले गेले तेव्हा सुमारे ४० लाख. पहिल्या फलकावर हा आकडा टाका, लोक खेचले जातील, असा आग्रह होता. पण पट्टीच्या हिशेबाने २००२ नंतर २००८ येते तीन फुटांवर, म्हणजे बरोबर भिंत संपते तिथे, आणि २०१५ कोपरा वळून दुसऱ्या भिंतीवर. आकडे तिथेच लावले.

२१ नोव्हेंबर

उघडले. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. जत्रांचे दिवस सुरू झाले आहेत, दशावतार असेल त्या रात्री माडीवर कोणी चढत नाही, तेव्हा रात्रीची वेळ ठेवण्यात अर्थ नव्हता.

कोऱ्या आठ बाय चार पाटीपाशी लोक सर्वांत जास्त थांबतात. चित्रकलेची मुले तिच्यासमोर हात पसरून मोजतात. न्यूयॉर्कच्या पट्टीबद्दल मात्र तक्रार आली आणि ती बरोबर निघाली: टेबल मध्यभागी असल्याने दोन्ही टोके ओस पडतात. नमुन्यांचे तीन भाग करून साडेसतरा फुटांवर पसरले.

बाकरे यांच्या चौकटीची अक्षरे लहान पडली. ती २६ पॉइंटवर राहून गेली होती, नव्याने छापली.

७ डिसेंबर

उतरवले. हिशेब, गोळाबेरीज: छपाई आणि बोर्ड दुरुस्तीसकट १४,२००, हार्डबोर्ड, बॅटन, रंग ४,६००, पाइप, वायर, क्लॅम्प ३,१००, स्पॉट ५,४००, मेस्त्री आणि हमाली ६,०००, टेम्पो २,४००, भिजलेल्या पुस्तिका, वाया गेलेला रंग आणि पहिले वळलेले फलक मिळून सुमारे ३,८०० पाण्यात. एकूण साडेएकोणचाळीस हजार. एसीपी सुरुवातीलाच घेतला असता तर छपाईचा आकडा थोडा वाढला असता, पण पुन्हा करण्याचा खर्च आणि तीन आठवडे वाचले असते.

फलक पाठीला पाठ लावून, मध्ये फोमची शीट, चार-चारच्या गठ्ठ्यात बांधले. तोंडाला तोंड लावून ठेवू नका, उन्हात टेम्पोत मॅट लॅमिनेशन एकमेकांना चिकटते. पट्टी चार फुटी तुकड्यांत आहे, प्रत्येकामागे क्रमांक मार्करने. आठ फुटी पाटी सोडून बाकी सगळे छोट्या टेम्पोच्या हौद्यात मावते. ज्यांना हवे त्यांनी पाटी तिथेच करून घ्यावी, शीट सातशेच्या आत येते. पाइप आणि क्लॅम्प आमच्याकडचे न्यावेत, पण आपल्या वाशांतले अंतर आधी मोजून कळवा. क्लॅम्प अडीच ते साडेतीन इंच जाडीच्या वाशालाच बसतात.